बाळाच्या लसी : बेळगाव सीमाभागातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात असणे ही रोजचीच गोष्ट आहे. बाळंतपण इकडे होते, बारसे तिकडे होते, कार्ड कन्नडमध्ये असते आणि ते वाचणारी आजी मराठी असते. इथल्या बाळांच्या लसी मागे पडण्याचे एक मोठे कारण म्हणजे तारखेचा आणि कार्डाचा हा गोंधळ. म्हणून खाली त्या दोन गोष्टींवर जरा जास्तच लिहिले आहे.

जन्मल्या जन्मल्या कोणत्या लसी द्यायच्या?

तीन. कावीळ-बीची लस डाव्या मांडीत, 0.5 मिली. पोलिओचा ‘शून्य’ डोस, तोंडात दोन थेंब. आणि क्षयरोगासाठी बीसीजी, डाव्या दंडावर, कातडीच्या थरातच.

यातली घाई कावीळ-बीची. आईच्या रक्तात तो विषाणू असेल तर प्रसूतीच्या वेळी तो बाळाकडे जाऊ शकतो, आणि त्या वयात लागण झालेल्या 10 बाळांपैकी साधारण 9 जणांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. पुढे यकृत खराब करतो तो हाच. म्हणून ही लस 24 तासांच्या आत पडली पाहिजे. एक दिवस उलटला की सरकारी वेळापत्रकात हा जन्माचा डोस देत नाहीत, बाळाला थेट दीड महिन्याच्या पेंटा या पाच आजारांच्या एकत्रित लसीमधूनच कावीळ-बीची लस मिळते. गरोदरपणाच्या तपासणीत आईची ही कावीळ पॉझिटिव्ह निघाली असेल तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे वेगळे इंजेक्शनही लागते, तेही शक्यतो 12 तासांत. हे औषध प्रत्येक दवाखान्यात तयार नसते. कळा सुरू झाल्यावर शोधाशोध नको, आठव्या-नवव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

पोलिओचा शून्य डोस पहिल्या 15 दिवसांत चालतो. बीसीजी वर्षाच्या आत केव्हाही चालते, पण जितकी लवकर तितकी चांगली, कारण मेंदूला होणारा क्षयरोग हा लहान बाळांचाच मोठा शत्रू आहे. महिन्याच्या आतल्या बाळाला बीसीजी 0.05 मिली देतात आणि त्यापुढे 0.1 मिली. नवजात बाळाची कातडी इतकी पातळ असते की जास्त मात्रा आत उतरून गळू किंवा काखेत गाठ होऊ शकते.

नर्सिंग होममधून घरी आलो, पण बीसीजी दिलीच नाही. विसरले का?

बहुधा विसरलेले नसतात. बीसीजीच्या एका बाटलीत साधारण 10 बाळांचा डोस असतो आणि पूड तिच्यासोबतच्या द्रवात कालवल्यावर ती 4 तासांतच संपवावी लागते, उरली तर टाकावी लागते. म्हणून लहान दवाखाने आठवड्यातला एक वार ठरवून बाळांना एकत्र बोलावतात. डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या आणि कार्डावरचा बीसीजीचा रकाना रिकामा आहे का हे स्वतः पाहा. कुठेच जमले नाही तर दीड महिन्याच्या लसींबरोबर ती सरकारी केंद्रात घेता येते.

पुढचे वेळापत्रक थोडक्यात सांगा.

6 आठवड्यांना : पेंटा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी आणि हिब जंतूचा न्यूमोनिया-मेंदूज्वर, अशा पाच आजारांवर एकच सुई), पोलिओचे थेंब, रोटाची जुलाबावरची तोंडी लस, पोलिओचे छोटे इंजेक्शन आणि न्यूमोनियावरची पीसीव्ही.

10 आठवड्यांना : पेंटा, पोलिओचे थेंब, रोटा. त्या दिवशी सुई एकच.

14 आठवड्यांना पुन्हा 6 आठवड्यांसारखेच सगळे.

9 महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत : गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओच्या छोट्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, 1 मिली. पोलिओच्या इंजेक्शनचा हा तिसरा डोस 2023 पासून आला आहे. थोरल्याच्या वेळी नव्हता म्हणून धाकट्याच्या कार्डावरही तो नसेल असे धरू नका.

16 ते 24 महिन्यांत : गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओचे थेंब. अ जीवनसत्त्व आता 2 मिली, आणि मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, एकूण 9 वेळा.

त्यानंतर 5-6 वर्षांना त्रिगुणीचा दुसरा बूस्टर, 10 आणि 16 व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस).

‘दीड महिना’ नेमका कसा मोजायचा?

दिवसांनी मोजा. तिथीने नको, अंदाजाने तर नकोच. 6 आठवडे म्हणजे 42 दिवस, 10 आठवडे म्हणजे 70, 14 आठवडे म्हणजे 98. समजा बाळ 1 जूनला झाले. मग 42 दिवस 13 जुलैला भरतात, 70 दिवस 10 ऑगस्टला आणि 98 दिवस 7 सप्टेंबरला. गोवर-रुबेला मात्र महिन्यांवर : 9 महिने पूर्ण, म्हणजे 1 मार्चपासून पुढे.

एक सोपी खूण आहे. 42, 70, 98 या तिन्ही संख्यांना 7 ने भाग जातो, म्हणजे बाळ ज्या वारी जन्मले त्याच वारी या तिन्ही मुदती भरतात. आपल्याकडे बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि अंगणवाड्यांत लसीचा वार गुरुवार असतो. बाळ शुक्रवारी झाले असेल तर आदल्या गुरुवारी ते 41 दिवसांचेच असते. त्या दिवशी नेले तर सिस्टर परत पाठवतील, आणि ते योग्यच आहे, कारण मुदतीआधी दिलेला डोस धरला जात नाही. पुढच्या गुरुवारी न्या, सहा दिवसांनी काही बिघडत नाही. एकदा गुरुवारी लस पडली की पुढची बरोबर चौथ्या गुरुवारी येते. दोन डोसांत किमान 28 दिवस लागतात आणि ते तंतोतंत भरतात.

सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही. मग?

अडचण कुठेच येत नाही. जन्माच्या लसी दवाखान्यातच होतात आणि पुढची वेळ 42 व्या दिवशी येते, तोवर सव्वा महिना उलटून गेलेला असतो. अमावस्या किंवा घरातले सुतक आड आले तर बाळाला आजीने किंवा आत्याने न्यावे, कार्ड तेवढे सोबत हवे.

कार्ड कन्नडमध्ये आहे. त्यावर काय लिहिले आहे ते कसे कळणार?

कर्नाटकातल्या या कार्डाला ‘तायी कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आपल्या घरात ते सर्रास ‘ताई कार्ड’ होते, त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते एका वेगळ्याच शब्दाने, ‘वार’. मराठीत वार म्हणजे सोमवार-मंगळवार, कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. कार्डावर ‘10 वार’ दिसले तर ते 10 आठवडे, दहा दिवस नव्हे. महिन्याला ‘तिंगळु’, तारखेला ‘दिनांक’, लसीला ‘लसिके’, टोचायच्या लसीला ‘चुच्चुमद्दु’, थेंबाला ‘हनि’.

आजारांची नावे अशी : ‘दडार’ म्हणजे गोवर, ‘गंटलुमारी’ म्हणजे घटसर्प, ‘नायिकेम्मु’ म्हणजे डांग्या खोकला (शब्दशः कुत्र्याचा खोकला), ‘धनुर्वायु’ म्हणजे धनुर्वात, ‘कामाले’ म्हणजे कावीळ. क्षय तोच, पोलिओ तोच.

बेळगाव आणि खानापूरकडच्या बहुतेक सिस्टर आणि आशांना मराठी कळते. बदली होऊन आलेल्या कुणाला कळत नसेल तर एवढे पुरते : ‘मुंदिन लसिके यावाग?’ म्हणजे पुढची लस केव्हा? उत्तर आकड्यातच कार्डावर लिहून घ्या.

बाळंतपण बेळगावात, सासर चंदगडला. तिकडचे वेळापत्रक वेगळे असते का?

नाही. वर दिलेले वेळापत्रक राष्ट्रीय आहे. चंदगड, गडहिंग्लज, कागल असो की गोव्यातले वाळपई, पेंटा तीच आणि आठवडेही तेच. या लसी सरकारी केंद्रात मोफत असतात आणि बाळ कुठल्या राज्याचे, रेशनकार्ड कुठले, यावर काही अवलंबून नसते. पहिला डोस माहेरच्या गावात आणि दुसरा सासरच्या गावात घेतला तर साखळी तुटत नाही, फक्त दोन्ही नोंदी एकाच कार्डावर असाव्यात.

सासरी गेल्यावर तिथली आशा नवे मराठी कार्ड देईल. जुने कन्नड कार्ड टाकू नका. नव्या कार्डावर जुन्या तारखा उतरवून घ्या आणि दोन्ही एकत्र टाचून ठेवा. आता नोंद यू-विन या सरकारी पोर्टलवरही होते. तिथे मोबाइल नंबर देताना एकदाच विचार करा. माहेरी भावाचा नंबर दिला जातो आणि मग पुढच्या लसीचे संदेश त्याच्याच फोनवर येत राहतात. बाळाच्या आईचा किंवा वडिलांचा नंबर द्या आणि दुसऱ्या गावात गेल्यावर तोच सांगा, म्हणजे बाळाची दुसऱ्यांदा नव्याने नोंदणी होत नाही.

एकाच दिवशी तीन सुया? इवल्याशा बाळाला झेपेल का?

झेपते. बाळ पहिल्या दिवसापासून दूध, हवा, माणसांचे हात यांतून असंख्य जंतूंना तोंड देत असते, त्या मानाने लसीतला भार फार लहान. तीन सुया तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यायच्या म्हटल्या तर त्रास तिप्पट होतो, आणि मधल्या काळात बाळ उघडे राहते ते वेगळेच.

जागा ठरलेल्या असतात. पेंटा डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पीसीव्ही उजव्या मांडीला, पोलिओचे छोटे इंजेक्शन उजव्या दंडावर. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण घरी गेल्यावर डावी मांडी सुजली तर ती पेंटाची हे लगेच कळते. पोलिओच्या इंजेक्शनची मात्रा जेमतेम 0.1 मिली असते आणि ते कातडीच्या आत दिले की मसुराच्या डाळीएवढा फिकट फुगवटा उठतो. तो उठला म्हणजे इंजेक्शन बरोबर बसले. थोड्या वेळात तो आपोआप जिरतो, त्यावर बोट फिरवू नका.

पूर्वी कुल्ल्यात इंजेक्शन देत, आता बाळाला देत नाहीत. तिथे चरबी जास्त असते, लस स्नायूत पोचत नाही, आणि पायाची मोठी नस जवळून जाते.

बाळाला मांडीवर घट्ट धरून लगेच अंगावर पाजले तर रडणे लवकर थांबते. तोंडी लसीच्या आधी किंवा नंतर दूध पाजायला हरकत नाही. थेंब थुंकले तर तिथल्या तिथे सिस्टरना सांगा.

गोवरची लस घ्यायला गेलो, तर ‘पुढच्या वेळी या’ म्हणाले. असे का?

लस शिल्लक असूनही हे घडते, कारण तेच, बीसीजीचे. गोवर-रुबेलाची बाटलीही कालवल्यावर 4 तासांची धनी. सत्र संपत आलेले असताना एका बाळासाठी नवी बाटली फोडायला काही ठिकाणी मागेपुढे पाहतात. सरकारी सूचना मात्र स्पष्ट आहे : एकच बाळ आले तरी बाटली उघडायची, बाळ परत पाठवायचे नाही. तेव्हा सकाळी लवकर जा आणि परत पाठवू लागले तर केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी शांतपणे बोला. पेंटा, पीसीव्ही, पोलिओ यांच्या उघडलेल्या बाटल्या नीट थंड ठेवल्या तर 28 दिवसांपर्यंत वापरता येतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्न येत नाही.

वीज वारंवार जाते. लस खराब झाली नसेल कशावरून?

बाटलीवर बघा. लेबलावर किंवा झाकणावर एक छोटे जांभळे वर्तुळ असते आणि त्याच्या मधोमध फिकट चौकोन. बाटलीला ऊब लागत गेली की हा चौकोन हळूहळू गडद होतो, आणि तो रंग पुन्हा फिकट होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. चौकोनाचा रंग वर्तुळाएवढा झाला किंवा त्याहून गडद झाला तर ती बाटली वापरत नाहीत. तुम्ही दाखवा म्हणालात तर सिस्टर दाखवतात. विचारण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे.

लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवतात. उन्हाइतकाच गोठण्याचाही धोका असतो. पेंटा, पीसीव्ही, कावीळ-बी या लसी बर्फाला चिकटून गोठल्या तर निकामी होतात, आणि हे नुकसान त्या चौकोनावर दिसत नाही. म्हणूनच खासगी दुकानातून लस विकत घेऊन, पिशवीत बर्फाचे खडे टाकून, दुचाकीवरून दवाखान्यात न्यायचा प्रकार टाळा. लस जिथे साठवली तिथेच टोचून घ्यावी.

सुई-सिरिंजचे म्हणाल तर सरकारी केंद्रात एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज असते. ती दुसऱ्यांदा भरताच येत नाही.

लसीनंतर ताप आला. किती औषध द्यायचे?

पेंटानंतर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी ताप येणे, बाळ किरकिरे होणे, मांडी थोडी लाल होऊन दुखणे हे नेहमीचे आहे. दोन दिवसांत उतरते. अंगावरचे दूध चालू ठेवा, कपडे सैल करा, दुखऱ्या जागी स्वच्छ गार ओले फडके ठेवा.

औषध एकच, पॅरासिटामॉल, आणि ते बाळाच्या वजनावर. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान 6 तास ठेवले आणि दिवसात चारपेक्षा जास्त दिले नाहीत की पुरे. खरी चूक होते ती बाटलीत. मेडिकलमध्ये पॅरासिटामॉल दोन रूपांत मिळते : ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असते आणि साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 125 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलीत फक्त 25. साडेचार किलोच्या बाळाला साधारण 50 मिलिग्रॅम लागते. ते ड्रॉप्सचे अर्धा मिली झाले आणि सिरपचे 2 मिली. शेजारणीने सांगितले म्हणून ‘2 मिली’ ड्रॉप्स पाजले तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. वर मोठ्या मुलांचे 5 मिलीत 250 वाले सिरपही घरात पडलेले असते. म्हणून लसीच्या दिवशीच बाळाचे वजन करून घ्या आणि कोणती बाटली, किती मिली हे सिस्टर किंवा डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोजायला बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा टोपणच वापरा, घरातला चमचा नको. ताप येण्याआधीच औषध देऊन ठेवू नका. अ‍ॅस्पिरिन तर बाळाला देऊच नका.

कोणत्या वेळी थेट दवाखाना गाठायचा?

लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच बसायला सांगतात ते गंभीर अ‍ॅलर्जीसाठी. ती फार क्वचित येते, पण आली तर बहुधा मिनिटांतच येते : अंगभर गांधी, ओठ-चेहरा सुजणे, श्वास लागणे, बाळ गळून जाणे. त्यावरचे इंजेक्शन केंद्रात असते. बसची वेळ होते आहे म्हणून हा अर्धा तास कमी करू नका.

घरी गेल्यावर झटका आला, बाळ तीन तासांहून अधिक एकसारखे किंचाळत राहिले, फिकट आणि निपचित पडले, दूध ओढेना, ताप दोन दिवसांनंतरही राहिला, तर दाखवाच. रोटानंतरच्या दिवसांत बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून रडते, उलट्या होतात, शीमध्ये रक्त दिसते, असे झाले तर आतड्यात आतडे अडकल्याची शंका असते. ते क्वचित होते, पण झाले तर सकाळपर्यंत थांबायचे नसते. 108 ला फोन करा. आणि यातले काहीही झाले असेल तर पुढच्या डोसाआधी केंद्रात सांगा, पुढे काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील.

बीसीजीच्या जागी फोड आला आहे, पू दिसतो. काय लावू?

काहीही नाही. हे चांगले लक्षण आहे. टोचल्यावर दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही, मग छोटी गाठ उठते, ती मोठी होऊन फुटते, ओलसर होते, खपली धरते. 6 ते 12 आठवड्यांत सगळे सुकून डाव्या दंडावर लहानसा व्रण राहतो. हळद, चुना, राख, अँटिबायोटिकचे मलम, यातले काही नको, पट्टीही बांधायची नाही. आंघोळ चालते, फक्त तिथे चोळायचे नाही. डाव्या काखेत मोठी गाठ आली किंवा जखम तीन महिन्यांनंतरही चिघळत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

व्रण उठलाच नाही तरी बीसीजी पुन्हा द्यावी लागत नाही.

मालिश आणि शेक-शेगडी बंद ठेवायची का?

बाळाला न्हाऊमाखू घाला, तेलही लावा. लस दिलेल्या मांडीवर दोन-तीन दिवस चोळू नका आणि तिथे गरम शेक देऊ नका, सूज वाढते. कधी कधी तिथे वाटाण्याएवढी कठीण गाठ काही आठवडे राहते. दुखत नसेल, लाल नसेल तर ती आपोआप विरते.

बाळाला सर्दी आहे, वजनही कमी आहे. थांबू का?

थांबू नका. साधी सर्दी, खोकला, किंचित ताप, पातळ शी, अँटिबायोटिक चालू असणे, यातले एकही कारण लस पुढे ढकलण्याचे नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचेही आठवडे जन्मतारखेपासूनच मोजतात, अपेक्षित तारखेपासून नव्हे. कमी वजनाच्या बाळाला तर न्यूमोनिया आणि डांग्या खोकल्याचा धोका जास्त, त्याला लस आधी हवी. बाळ भरती करण्याइतके आजारी असेल तेव्हाच थांबतात. आधीच्या त्याच लसीची गंभीर अ‍ॅलर्जी आली असेल किंवा प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

दोन महिने उशीर झाला. आता पहिल्यापासून सुरू करायचे का?

नाही. ही समजूत घराघरांत आहे आणि तिच्यामुळेच आया केंद्रात यायला लाजतात. साखळी जिथे थांबली तिथून पुढे चालू होते. पाच महिन्यांच्या बाळाला पेंटाचा एकच डोस झाला असेल तर आज दुसरा आणि 28 दिवसांनी तिसरा, बस.

पण काही दारे वयाने बंद होतात, ती ठाऊक असावीत. बीसीजी वर्षापर्यंत. रोटा आणि पीसीव्ही वर्षाच्या आत सुरू झाली असेल तरच पुढचे डोस मिळतात. पेंटाचेही तसेच : वर्षाच्या आत एक जरी झाला असेल तरी उरलेले पेंटाचेच पूर्ण करतात. एकही झाला नसेल तर मग त्रिगुणीचे तीन डोस, चार-चार आठवड्यांनी, वयाच्या सातव्या वर्षापर्यंत. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत घेता येते. केंद्रात कुणी उशिराबद्दल बोललेच तर ऐकून घ्या, पण बाळाला लस दिल्याशिवाय परत नेऊ नका.

आम्ही ऊसतोडीला येतो. हंगामात बाळाच्या लसीचे काय?

कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन चार-पाच महिने चालतो. त्या काळात बाळाच्या तीन वेळा सहज येऊन जातात. गावाहून निघताना कार्ड घ्या, तेल-मिठाच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पालात ओल लागते. टोळी ज्या गावाच्या शिवारात उतरली तिथल्या अंगणवाडीत किंवा आशाकडे पहिल्याच आठवड्यात बाळाची जन्मतारीख सांगून या, म्हणजे ते बाळ त्यांच्या यादीत येते आणि लसीच्या दिवशी निरोप येतो. मुकादमालाही सांगून ठेवा, त्या सकाळी आईला फडातून दोन तास मोकळे ठेवणे त्याच्या हातात असते. वीटभट्टीवरच्या आणि सौंदत्तीच्या यात्रेसाठी आठवडाभर घर सोडणाऱ्या कुटुंबांनाही हेच लागू.

गोवर म्हणजे देवी, ती यायचीच. मग लस कशाला?

घरात जी काही पूजा-शांती करायची ती करा, त्याला लसीची आडकाठी नाही. पण गोवर हा विषाणूचा आजार आहे आणि तो पुरळावर थांबत नाही. त्यानंतरचा न्यूमोनिया, जुलाब आणि मेंदूची सूज यांनी मुले दगावतात, अ जीवनसत्त्व घटून डोळे जातात. ही लस 9 महिन्यांआधी देत नाहीत, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती तोवर बाळाच्या रक्तात असते आणि ती लसीलाच निष्प्रभ करते. 9 महिन्यांना दिल्यावर साधारण 100 पैकी 85 बाळांना संरक्षण मिळते. उरलेली 15 कोणती ते वरून ओळखता येत नाही. म्हणून दीड वर्षाचा दुसरा डोस ही त्या 15 बाळांची दुसरी संधी आहे.

दीड वर्षाचे झाले, चालते-बोलते, धडधाकट आहे. बूस्टर नसले तर चालणार नाही का?

हाच डोस सगळ्यात जास्त विसरला जातो, कारण 9 महिन्यांनंतर मध्ये मोठी पोकळी असते. घटसर्पाविरुद्धची शक्ती काळाबरोबर कमी होत जाते आणि उत्तर कर्नाटकात घटसर्प अजून संपलेला नाही. घसा दुखतो, आत करडा पडदा चढतो, मान बैलासारखी सुजते, श्वास कोंडतो, आणि जंतूचे विष हृदयापर्यंत जाते. त्याची प्रतिविषाची इंजेक्शने सहजी मिळत नाहीत. बाळाचे जावळ, पहिला वाढदिवस हे जसे आधी ठरवता तशी 16 महिने पूर्ण होण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून ठेवा.

दीड वर्षाच्या आत पोलिओचे पाच-सहा डोस झाले. पोलिओ रविवारी पुन्हा का पाजायचे?

ते डोस वरकड असतात, नेहमीच्या डोसांत मोजायचे नाहीत. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला आणि 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. शेजारच्या देशांत विषाणू अजून आहे, म्हणून पाच वर्षांखालच्या सगळ्यांना एकाच वेळी थेंब पाजून त्याची वाट बंद ठेवतात.

खासगीतली ‘न दुखणारी’ लस जास्त चांगली का?

सुई दोन्हीकडे दुखते. फरक डांग्या खोकल्याच्या घटकाचा आहे. खासगीतल्या महाग लसीत त्या जंतूचे निवडक अंश असतात, त्यामुळे ताप आणि सूज कमी येते. सरकारी पेंटात पूर्ण जंतू मारून घातलेला असतो, ताप येतो, पण संरक्षण चांगले आणि टिकाऊ. पैशांची ओढाताण असेल तर सरकारी लस घेताना मन खाऊ देऊ नका.

खासगी बालरोगतज्ज्ञ टायफॉइड, इन्फ्लुएन्झा, कावीळ-ए, कांजण्या, गालगुंड यांच्या लसी सुचवतात. त्या चांगल्या आहेत. ऐपत असेल तर घ्या, पण आधी सरकारी यादी पूर्ण होऊ द्या. आणि दोन ठिकाणी लस घेत असाल तर दोन फायली करू नका. खासगीतली लसही त्याच तायी कार्डावर लिहून घ्या.

मेंदूज्वराची जेई लस आमच्याकडे देतात का?

जपानी मेंदूज्वराची ही लस निवडक जिल्ह्यांतच वेळापत्रकात असते, 9 महिने आणि 16 ते 24 महिने अशा दोन डोसांत. गोवर-रुबेलाच्या वेळी केंद्रातच विचारा. कार्डावर तिचा रकाना छापलेला दिसला आणि तो रिकामा राहिला तर लगेच घाबरू नका, कार्ड सगळीकडे एकच छापतात.

कार्डच हरवले तर?

ज्या केंद्रात लस घेतली तिथल्या रजिस्टरात बाळाच्या आईच्या नावावर नोंद असते, अंगणवाडीत कार्डाची स्थळप्रत असते आणि यू-विनवर असेल तर मोबाइल नंबरवरून प्रमाणपत्र निघते. तिन्हीकडे काहीच मिळाले नाही तर डाव्या दंडावरचा व्रण बघून बीसीजी झाली असे धरतात. बाकीच्या लसी, ज्यांची नोंद नाही, त्या झाल्याच नाहीत असे समजून वयाप्रमाणे पुन्हा देतात. एखादा डोस जास्तीचा पडला तर अपाय होत नाही.

कार्ड आज हातात असेल तर आत्ताच दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि माहेर-सासरच्या एकेका फोनवर पाठवून ठेवा. प्रत्येक लसीनंतर नवा फोटो.